सदर, सुपारी आणि जबड्याचा सांधा

कानाच्या अगदी पुढे बोट टेकवून तोंड उघडले-मिटले, की बोटाखाली एक गोल उंचवटा पुढे सरकतो आणि परत मागे जातो. खालच्या जबड्याच्या हाडाचे ते वरचे टोक. कवटीच्या तळाशी असलेल्या खोबणीत ते बसते आणि दोन्ही हाडांच्या मध्ये चिवट तंतूंची एक पातळ चकती असते. कोपराचा सांधा दाराच्या बिजागरीसारखा एका जागी वळतो. जबड्याचा सांधा आधी वळतो आणि मग चकतीसकट घसरून पुढे येतो. शिवाय डावा आणि उजवा हे दोन्ही सांधे एकाच हाडाला जोडलेले असल्याने एकाला सोडून दुसरा हलूच शकत नाही. बोलणे, चावणे, गिळणे, जांभई देणे ही सगळी कामे या जोडीवर पडतात. पाय मुरगळला तर माणूस चार दिवस खाटेवर पडून राहील. जबड्याला अशी रजा मिळत नाही. म्हणूनच या सांध्याच्या दुखण्याचा इतिहास औषधांपेक्षा सवयींचा जास्त आहे. लोकांनी काय खाल्ले, कसे चावले, तोंडात काय धरून ठेवले आणि दुखू लागल्यावर घरच्यांनी काय केले, यातून तो उलगडतो.

जबलपूरमधला सदर हा भाग या इतिहासाकडे पाहायला सोयीचा आहे. जबलपूरवर १७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांचा अंमल बसला, १७९८ मध्ये हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे गेला आणि डिसेंबर १८१७ मध्ये तो इंग्रजांनी घेतला. १८२६ मध्ये येथे लष्करी छावणी उभी राहिली आणि छावणीला लागणारा किराणा, कापड, भाजी, न्हावी, शिंपी, मोची यांच्यासाठी जो बाजार वसला तो सदर बाजार. एकेका पलटणीबरोबर फिरणारे बाजार वेगळे. सदर बाजार हा सगळ्या छावणीचा मुख्य बाजार, लष्करी अधिकाऱ्यांच्या देखरेखीखालचा. क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या त्याच्या गल्ल्या आजही तशाच आहेत. १८६१ मध्ये नागपूर राजधानी करून मध्य प्रांत तयार झाला आणि तेव्हापासून १९५६ पर्यंत जबलपूर व नागपूर एकाच प्रांतात राहिले. नोकरीनिमित्त आलेली मराठी घरे शहरात रुजली. लष्कराची शिस्त, बाजारातले पान-सुपारीचे ठेले आणि मराठी-हिंदी घरांतले औषधपाणी अशा तीन गोष्टी येथे एकमेकींच्या शेजारी नांदल्या आणि जबड्याच्या दुखण्याशी तिन्हींचा संबंध आला.

घरगुती औषधपाण्यामागे आयुर्वेदाची मोठी परंपरा होती आणि जबड्याच्या बाबतीत ती आश्चर्य वाटावे इतकी नेमकी आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात १६ वा अध्याय मुखरोगांचा आहे. त्यात हनुमोक्ष म्हणजे जबड्याचा सांधा सुटण्याचा विकार दातांच्या रोगांबरोबर मांडला आहे. वाग्भटाने अष्टांगहृदयात हनुस्रंसाची कारणे दिली आहेत: जीभ फार खरवडणे, कोरडे पदार्थ खाणे आणि मार लागणे. याच विकारात तोंड कधी उघडेच राहते तर कधी मिटलेलेच राहते, असेही तो सांगतो. आजचे दंतवैद्य सांध्याच्या दोन प्रकारच्या अडकण्यात जो फरक करतात, तो लक्षणांच्या पातळीवर येथे स्पष्ट दिसतो. मोठ्याने ओरडून बोलणे, कडक पदार्थ चावणे, हसणे, जांभई, डोक्यावर ओझे वाहणे, वेडेवाकडे झोपणे अशी यादी सुश्रुताने चेहरा वाकडा होण्याच्या विकारासाठी, अर्दितासाठी, दिली आहे. जबडा दुखणाऱ्या माणसाला आजही जवळजवळ हेच प्रश्न विचारले जातात.

उपचारही तितकेच हातचे होते. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात वातव्याधींच्या २८ व्या अध्यायात निखळलेला जबडा बसवण्याची कृती आहे. आधी शेकून जबडा सैल करायचा, मग दोन्ही अंगठ्यांनी तो खाली दाबायचा आणि तर्जनींनी हनुवटी वर उचलायची. उघडे राहिलेले तोंड असे मिटते. सुश्रुताने याच्या पुढची काळजी सांगितली आहे: शेक, सांधा जागेवर आणणे, वर पंचांगी नावाचा पट्टा बांधणे आणि वातनाशक व मधुर द्रव्यांत सिद्ध केलेल्या तुपाचे नस्य. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० च्या इजिप्तमधील एडविन स्मिथ पपायरसमध्ये आणि ग्रीसमध्ये हिपॉक्रेटिसच्या नावावरील सांध्यांच्या ग्रंथातही जवळपास अशीच कृती आढळते. हाडाची घडणच अशी आहे की ते बसवायला दुसरी वाट नाही. दाढांवर अंगठे ठेवून जबडा आधी खाली आणि मग मागे ढकलला तरच त्याचे टोक पुढचा उंचवटा ओलांडून खोबणीत परत जाते. आजच्या अपघात विभागातही डॉक्टर हेच करतात. फक्त अंगठ्यांना कापसाची किंवा जाळीच्या कापडाची जाड घडी गुंडाळतात, कारण सांधा बसताच दात खटकन मिटतात. सवयीच्या हाडवैद्याला हे जमत असे. घरच्या माणसाने मात्र हा प्रयोग करू नये. जबड्याचे हाड मोडलेले असेल तर या दाबाने मोठी इजा होते.

हे संस्कृत ज्ञान छापील रूपात पसरवण्याचे काम मराठी माणसांनी मनापासून केले. डॉ. अण्णा मोरेश्वर कुंटे यांनी संपादित केलेले अष्टांगहृदय १८८० मध्ये मुंबईत छापून बाहेर पडले आणि पुढची अनेक वर्षे वैद्यांच्या हाताशी राहिले. पण घरातल्या बायकांना पोथी लागत नव्हती. जबडा दुखतो म्हटले की तव्यावर खडेमीठ किंवा ओवा गरम करायचा, सुती फडक्यात त्याची पुरचुंडी बांधायची, आधी आपल्या मनगटावर टेकवून चटका बसत नाही ना ते पाहायचे आणि मग कानशिलापासून हनुवटीच्या कोपऱ्यापर्यंत हलके हलके शेकायचे. शेकण्याआधी कोमट तिळाचे तेल चोळायचे. वाऱ्यात जाऊ द्यायचे नाही, कान झाकून रुमाल बांधायचा. जेवायला मऊ भात, मुगाची पातळ खिचडी, पेज, फार तर दुधात कुस्करलेली भाकरी. फुटाणे, चिवडा, चिक्की, ऊस बंद. यातल्या प्रत्येक गोष्टीला आजच्या उपचारांत जागा आहे. कोमट शेकाने चावण्याचे स्नायू सैल होतात आणि मऊ अन्नाने सांध्यावरचा भार कमी होतो. रुमालाचा उपयोग वाऱ्यापेक्षा वेगळा असावा: हनुवटीला आधार मिळतो आणि तोंड एकदम मोठे उघडत नाही.

घरात काही समज चुकीचेही होते. मूल झोपेत दात खाऊ लागले की जंत झाले म्हणायचे आणि वावडिंग द्यायचे, ही रीत घरोघर होती. जंत आणि दात खाणे यांचा संबंध पक्केपणाने सिद्ध झालेला नाही. झोपेतले दात खाणे ही झोपेच्या चाळवण्याशी जोडलेली हालचाल आहे आणि बहुतेक मुलांची ती वाढत्या वयात आपोआप थांबते. मोठ्या माणसांत मात्र सकाळी उठल्यावर गालफडे जड वाटणे आणि कानशिले ठणकणे यामागे ती पुष्कळदा असते. दुसरी रीत अधिक धोक्याची. घेरी किंवा झटका येऊन दातखीळ बसली की दातांमध्ये चमचा कोंबायचा आणि कांदा हुंगवायचा. यात दात तुटतात, तुकडा श्वासनलिकेत जाऊ शकतो आणि झटका चमच्याने थांबत नाही. लोकांची भीती मात्र अनाठायी नव्हती. दातखीळ म्हटले की धनुर्वात आठवत असे. मातीत काम करताना झालेली जखम, घोड्यांच्या लिदीने भरलेले रस्ते, अस्वच्छ सुरीने कापलेली नाळ यांतून धनुर्वात होई आणि त्याचे पहिले लक्षण बहुधा जबडा आवळणे हेच असे. घोडे आणि बैल मोठ्या संख्येने बाळगणाऱ्या छावण्यांत हा धोका कायमचा होता. बेरिंग आणि कितासातो यांनी १८९० मध्ये धनुर्वातावर प्रतिविष शोधले, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सैनिकांना लस मिळू लागली आणि माता व नवजात बालकांमधला धनुर्वात भारतातून हटल्याचे २०१५ मध्ये जाहीर झाले. त्यामुळे आज जबडा धरला म्हणून आलेल्या माणसाला डॉक्टर जखमेबद्दल आणि लसीबद्दल एकदा विचारतात आणि मग पुढच्या कारणांकडे वळतात. शंभर वर्षांपूर्वी तो पहिला आणि बहुधा शेवटचा विचार होता.

दंतवैद्यक लष्करातही उशिरा आले. दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धात, १८९९ ते १९०२ या काळात, ब्रिटिश फौजेतले हजारो शिपाई दातांच्या तक्रारींमुळे लढाईला निकामी ठरले. शिध्यातली बिस्किटे दगडासारखी कडक असत आणि किडक्या दातांनी ती फुटत नसत. या धड्यानंतरही ब्रिटिश फौजेचे स्वतंत्र दंतदल १९२१ मध्ये आणि भारतीय फौजेचे १ फेब्रुवारी १९४१ रोजी उभे राहिले. म्हणजे सदरच्या छावणीची पहिली शंभराहून अधिक वर्षे शिपायाच्या दातांसाठी भारतीय फौजेचे स्वतंत्र दल असे नव्हतेच. नागरी बाजूला तर आणखी दुष्काळ होता. देशातले पहिले दंत महाविद्यालय डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी १९२० मध्ये कलकत्त्यात काढले. मुंबईत नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय १९३३ मध्ये सुरू झाले. १९४८ च्या दंतवैद्यक कायद्याने पदवी नसलेल्या, पण किमान ५ वर्षे याच धंद्यावर पोट भरणाऱ्या लोकांची नोंद एका वेगळ्या भागात घेतली. बाजारात बसून दात काढणाऱ्या आणि कवळ्या बसवणाऱ्या किती लोकांवर देश तोवर अवलंबून होता, हे या तरतुदीवरून कळते. जबलपूरचे वैद्यकीय महाविद्यालय १९५५ मध्ये निघाले, इंदूरचे शासकीय दंत महाविद्यालय १९६१ मध्ये आणि नागपूरचे १९६८ मध्ये. तोपर्यंत जबड्याच्या सांध्याचा रोगी दातवाल्याकडे गेला तर दाढ निघे आणि कानाच्या डॉक्टरकडे गेला तर कानात थेंब पडत. दुखणे दोन्हींच्या मधल्या जागेत होते.

कान आणि दात यांच्यामधल्या या जागेकडे पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष ठळकपणे वेधले ते अमेरिकेतल्या सेंट लुईस येथील कान-नाक-घसातज्ज्ञ जेम्स कॉस्टन यांनी. १९३४ मध्ये त्यांनी ११ रुग्णांची हकिगत छापली. कान दुखणे, कानात आवाज येणे, चक्कर, डोकेदुखी आणि जबड्याच्या सांध्यात दुखणे, सगळे एकत्र. त्यांचा तर्क असा की मागच्या दाढा पडल्याने तोंड गरजेपेक्षा जास्त मिटते, जबड्याचे टोक मागे जाते आणि कानाजवळच्या नसा दाबल्या जातात. उपाय म्हणून दातांची उंची वाढवायची. हा तर्क पटण्याजोगा होता आणि त्यामुळेच त्याने नुकसान केले. शरीररचनेचे अभ्यासक हॅरी सिशर यांनी १९४८ मध्ये दाखवून दिले की सांगितलेल्या ठिकाणी नसा तशा दाबल्या जाणे शक्य नाही. तरी पुढची काही दशके दंतवैद्य निरोगी दात घासून त्यांची चावण्याची पातळी बदलत राहिले. घासलेला दात पुन्हा वाढत नाही.

१९६९ मध्ये डॅनियल लास्किन यांनी दुखण्याचे मूळ बहुतेकदा स्नायूंच्या थकव्यात आणि ताणात आहे, अशी मांडणी केली. दातांवर दात दाबून धरण्याची सवय, चिंता, अपुरी झोप यांनी गालातला आणि कानशिलावरचा स्नायू आखडतो. दुखण्याचा हा एवढा साधा खुलासा समोर असूनही शस्त्रक्रियेचा मोह सुटला नाही. १९८० च्या दशकात अमेरिकेत खराब झालेली चकती काढून तिच्या जागी टेफ्लॉनच्या आवरणाचे कृत्रिम तुकडे बसवण्याची लाट आली. चावण्याच्या दाबाखाली ते तुकडे झिजले, त्यांच्या कणांमुळे आजूबाजूचे हाड खाल्ले गेले आणि १९९०-९१ मध्ये तेथील औषध प्रशासनाने ते परत मागवले. ज्यांना केवळ दुखत होते त्यांच्यातल्या अनेकांचे सांधेच गेले. १९९६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने बोलावलेल्या परिषदेने अखेर स्पष्ट सल्ला दिला: आधी असे उपचार करा, जे नको वाटल्यास मागे घेता येतील. निदानाचे एकसारखे निकष १९९२ मध्ये तयार झाले आणि २०१४ मध्ये सुधारले गेले. त्या निकषांत स्नायूंचे दुखणे, चकती सरकणे आणि सांध्याची झीज हे वेगवेगळे मोजले जातात. शेक, मऊ जेवण आणि विश्रांती यांना पुन्हा पहिली जागा मिळाली. खडेमिठाची पुरचुंडी घेऊन बसणाऱ्या आजीला हे कुणी शिकवावे लागले नसते.

सदरच्या रस्त्यावर याच काळात जबड्यांवर दुसरेच संकट आले आणि ते दवाखान्यातून आले नाही. पान-सुपारी मध्य प्रांताला जुनी होती. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ मध्ये छापलेल्या मध्य प्रांताच्या जाती-जमातींवरील ग्रंथात पानवेलीची लागवड करणाऱ्या बरई समाजाची सविस्तर माहिती आहे. त्यातले हिरालाल हे तेव्हाच्या जबलपूर जिल्ह्यातल्या मुडवाऱ्याचे, म्हणजे आजच्या कटनीचे. सुपारी मात्र समुद्रकाठची, कोकण आणि मलबारची. मार्च १८७० मध्ये मुंबईहून आलेला लोहमार्ग जबलपूरला अलाहाबादच्या मार्गाला जोडला गेला आणि किनाऱ्यावरचा माल इथवर आणणे पूर्वीपेक्षा फार सोपे झाले.

मराठी घरातला विडा हा निवांतपणाचा होता. पानाच्या डब्यातून पान निघे, शिरा काढल्या जात, चुना-कात लागे आणि अडकित्त्याने सुपारी कातरली जाई. अडकित्ता ही एका धारदार पात्याची अशी कात्री आहे की हाताला ताकद कमी आणि नजर जास्त लागते. पातळ कात्रण हवी की जाड खांड, ते चावणाऱ्याच्या दातांवर ठरे. दात नसलेल्या आजोबांसाठी पितळी खलबत्त्यात अख्खा विडाच कुटून दिला जाई. जबड्याला झेपेल असा विडा करून देण्याची ही समज होती. जेवणानंतर एक विडा, पाहुणे आले की एक, लग्नकार्यात आणखी काही. सुपारी तेव्हाही निरुपद्रवी नव्हती, पण तिच्या प्रमाणाला घरातल्या वेळापत्रकाचा लगाम होता.

हा लगाम पुडीने तोडला. १९७० च्या दशकापासून सुपारी, कात, चुना, तंबाखू आणि सुगंध यांचे कोरडे मिश्रण छोट्या पुड्यांत मिळू लागले आणि पुढच्या वीस वर्षांत शाळेच्या फाटकापासून रेल्वे फलाटापर्यंत पुड्यांच्या माळा लटकू लागल्या. विदर्भात खर्रा, पश्चिम महाराष्ट्रात मावा, जबलपूरकडे गुटखा आणि पानमसाला. नावे निरनिराळी, आत सुपारी एकच. विडा मिनिटांत संपतो. पुडीतला माल गालात दाबून तासन् तास ठेवता येतो, दिवसभर, काम करता करता.

त्याचा परिणाम वैद्यकाला आधीच ठाऊक होता. १९५२ मध्ये श्वार्ट्झ यांनी केनियात राहणाऱ्या ५ भारतीय स्त्रियांच्या तोंडातले अस्तर पांढरे आणि ताठर झाल्याचे नोंदवले होते. पुढच्याच वर्षी मुंबईचे डॉ. जोशी यांनी भारतातले रुग्ण मांडले. १९६६ मध्ये पिंडबोर्ग आणि मुंबईच्या सत्यवती सिरसाट यांनी या विकाराचे सविस्तर वर्णन केले. सुपारीतल्या अरेकोलिनमुळे गालाच्या अस्तराखालच्या पेशी जास्त तंतू तयार करतात आणि सुपारीतल्या तांब्यामुळे हे तंतू एकमेकांना घट्ट बांधले जातात. गाल आतून कातड्याच्या पट्ट्यासारखा होतो. केरळात १७ वर्षे पाठपुरावा केलेल्या रुग्णांच्या एका गटात ७.६ टक्के लोकांना पुढे तोंडाचा कर्करोग झाला. २००४ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने तंबाखू नसलेली सुपारीसुद्धा कर्ककारक असल्याचे जाहीर केले. साधी सुपारी, गोड सुपारी, जेवणानंतरची सुपारी यांना सूट नाही.

जबड्याच्या सांध्याचे दुखणे आणि सुपारीने आवळलेले तोंड यांत गल्लत होते. दोन्हींत माणूस एकच वाक्य बोलतो: तोंड उघडत नाही. फरक ओळखणे अवघड नाही. सांध्याचे किंवा स्नायूंचे दुखणे असेल तर कानापुढे दाबले की दुखते, कधी टकटक वाजते, सकाळी किंवा जेवणानंतर वाढते आणि काही दिवस बरे, काही दिवस वाईट असे चालते. सुपारीच्या विकारात आधी तिखटाने तोंड भाजू लागते, टाळू आणि गाल पांढुरके दिसतात, गाल फुगवता येत नाही, शिटी वाजवता येत नाही, जीभ पुरती बाहेर येत नाही. फुलकी, म्हणजे मराठीतली पाणीपुरी, एका घासात तोंडात जाईनाशी होते आणि पुष्कळांना दुखण्याचा पहिला पत्ता तिथेच लागतो. मोजमाप घरच्या घरी होते. निरोगी मोठ्या माणसाच्या तोंडात स्वतःची तीन बोटे उभी मावतात. समोरच्या दातांमधले हे अंतर सुमारे ४० ते ५० मिलिमीटर असते. दोनच बोटे जात असतील तर दंतवैद्याकडे जायला उशीर करू नये.

सरकारला जाग आली ती सावकाश. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने मार्च २०११ पासून गुटख्याच्या प्लास्टिक पुड्यांवर बंदी आली आणि त्याच वर्षी अन्नात तंबाखू मिसळण्याला मनाई करणारे राष्ट्रीय नियम लागू झाले. त्यांचा आधार घेऊन मध्य प्रदेशाने १ एप्रिल २०१२ पासून गुटखा बंद केला, देशात सर्वांत आधी. महाराष्ट्राने जुलै २०१२ मध्ये तेच केले आणि पानमसालाही त्यात घेतला. पळवाट लगेच निघाली: पानमसाल्याची एक पुडी आणि तंबाखूची दुसरी, शेजारी शेजारी विकायची आणि गिऱ्हाइकाने तळहातावर मिसळायची. मध्य प्रदेशाच्या या निर्णयाचे श्रेय मोठे आहे, पण तंबाखू वेगळी काढल्याने सुपारी निर्दोष ठरते अशी जी समजूत त्यातून पसरली, तिने नुकसान केले. तोंड आवळते ते सुपारीने.

ज्यांचे दुखणे सांध्याचे किंवा स्नायूंचे आहे त्यांच्यासाठी रोजच्या जगण्यातले उपाय आता बऱ्यापैकी ठरलेले आहेत. पहिला सर्वांत महत्त्वाचा आणि बिनखर्चाचा: जेवताना आणि गिळताना सोडून दात एकमेकांना टेकू द्यायचे नाहीत. ओठ मिटलेले, दात सुटे, जिभेचे टोक वरच्या दातांमागे टाळूला हलके टेकलेले. दिवसभरात अनेकदा हे तपासावे लागते, कारण दात दाबून काम करण्याची सवय स्वतःला कळत नाही. मोबाइल पाहताना, गाडी चालवताना, हिशेब करताना ती बळावते. घास छोटे घ्यावेत. पेरू, सफरचंद, भुट्टा पुढच्या दातांनी न तोडता कापून किंवा दाणे काढून खावेत. च्युइंगगम बंद. जांभई आली की मुठीने हनुवटीला खालून आधार द्यावा. तोंडापुढे चुटकी वाजवायच्या जुन्या सवयीला ही नवी जोड सहज देता येते. हनुवटी तळहातावर टेकवून बसणे, फोन खांदा आणि कान यांच्यात धरणे, पालथे झोपणे टाळावे.

आखडलेल्या स्नायूंना दिवसातून दोन-तीनदा १५ ते २० मिनिटे कोमट शेक द्यावा. नुकताच मार लागून सूज असेल तर पहिले एक-दोन दिवस गार शेक. वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांना विचारून आणि थोडेच दिवस. रात्री दात खाणाऱ्यांना दंतवैद्य दातांच्या मापाची प्लास्टिकची पट्टी करून देतात. ती दात वाचवते आणि काहींचे दुखणेही कमी करते. बाजारातली तयार मऊ पट्टी काहींना उलटी त्रासदायक ठरते. तोंड उघडताना नुसते टकटक वाजत असेल आणि दुखत नसेल, तोंड पुरते उघडत असेल, तर उपचार लागत नाहीत. हे दुखणे विशीपासून चाळिशीपर्यंतच्या स्त्रियांत जास्त दिसते आणि बहुतेकांचे काही आठवड्यांत किंवा महिन्यांत या साध्या उपायांनी आटोक्यात येते. न आल्यास फिजिओथेरपी, स्नायूत किंवा सांध्यात इंजेक्शन, सुईने सांधा धुणे असे टप्पे आहेत आणि शस्त्रक्रिया अगदी थोड्यांना लागते.

काही वेळा मात्र थांबायचे नसते. चालताना किंवा जिना चढताना जबडा दुखू लागला, छातीत दडपण आले, घाम फुटला, तर ते हृदयाचे दुखणे असू शकते. तडक रुग्णालय गाठावे. पन्नाशीनंतर चावताना जबडा भरून येतो, कानशिलाला हात लावला तरी दुखते, दृष्टी अंधूक होते, अशा वेळी रक्तवाहिन्यांच्या दाहाची शंका घेतात आणि उशीर झाल्यास डोळे जाण्याचा धोका असतो. जखमेनंतर काही दिवसांनी जबडा आवळू लागला तर धनुर्वात धरून चालावे.

सुपारीने आवळलेल्या तोंडाचा उपचार वेगळा आणि लांबचा आहे. सुपारी संपूर्ण सोडणे ही पहिली अट. त्याशिवाय बाकी सगळे फुकट. मग दंत रुग्णालयात अस्तरात दिली जाणारी इंजेक्शने, जीवनसत्त्वांच्या व लायकोपीनच्या गोळ्या, वाढलेल्या विकारात आवळलेले पट्टे कापण्याची शस्त्रक्रिया, आणि दर काही महिन्यांनी कर्करोगासाठी तपासणी. रोजचा व्यायाम घरी करायचा असतो. आइस्क्रीमच्या चपट्या लाकडी काड्या एकावर एक रचून दाढांमध्ये धरायच्या, ताण जाणवेल पण कळ येणार नाही इतपत, आणि काही मिनिटे तसेच बसायचे. सहन होऊ लागले की एक काडी वाढवायची. शस्त्रक्रिया झालेल्यांना हा व्यायाम कित्येक महिने करावा लागतो. मध्येच सोडला तर जखम भरताना गाल पुन्हा आवळतो.